पंधरा सांध्यांच्या पुढे

३ एप्रिल, गुरुवार
चाळीस मिनिटं! एका प्रश्नाला चाळीस मिनिटं! आमच्या ऑफिसचे राकेश सर म्हणाले, "तोवर लोक पाणी पिऊन मोकळे होतील." खरंच आहे. कुठे पाइपात घाण शिरली, तर नगरपालिकेला एवढंच विचारायचंय — या सांध्यातलं पाणी त्या गल्लीत पोचतं का? हो की नाही. आणि माझा प्रोग्राम बसलाय सगळ्या वाटा मोजत! ग्राफ डेटाबेसमध्ये गावाच्या पाइपलाइनचे अकरा हजार सांधे भरलेत, प्रत्येक सांधा एक नोड, म्हणजे जाळ्यातली एक गाठ. वाटांना अंतच नाही. डोकं फिरलंय.

५ एप्रिल
सुचलं! एक वाट सापडली की थांबायचं, बाकीच्या कशाला हव्यात? शिवाय दोन्ही टोकांकडून शोधत यायचं. तरी "नाही" म्हणायला फार वेळ घेत होता. मग मर्यादाच घातली — पंधरा सांधे, त्यापुढे बघायचं नाही. दोन सेकंद! सरांनी गंगापूर रोडवर अख्ख्या ऑफिसला मिसळ खाऊ घातली.

६ एप्रिल
जेवताना बाबांना सांगितलं. एकतीस वर्षं नगरपालिकेतच व्हॉल्व्हमन होते, चावीनं गल्लोगल्ली पाणी सोडायचे, सगळी लाइन तोंडपाठ. म्हणाले, "पंधराच का गं? पाणी काय मोजत बसतं का? वाट गावली की जातं." चिडलेच मी. म्हटलं, तुमच्या वेळी चावी होती, आता कम्प्युटर आहे. ते ताट घेऊन उठले. उगाच बोलले मी.

१७ एप्रिल
नाल्याजवळ पाइप फुटला, गटाराचं पाणी आत शिरलं. आमचा प्रोग्राम चालवला. नऊ गल्ल्यांना निरोप गेला — पिऊ नका. आमची गल्ली? "जोडणी नाही."
घरी बाबा म्हणाले, "टाकीमागून एक जुनी लाइन आपल्याकडं येती, असं वाटतंय मला. पण तू बघितलंस ना?" बघितलंय, म्हटलं. तर बाबा बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटले, "प्या बिनधास्त, माझ्या पोरीनं तपासलंय!" केवढा अभिमान! शेजारच्या साळूबाईंनी लगेच नळाखाली हंडा लावला.

२० एप्रिल
गल्लीत सात जणांना जुलाब-उलट्या. साळूबाई सलाइनवर.

२१ एप्रिल
मर्यादा काढून पाहिलं. वाट आहे. सतरा सांधे. बाबांचीच जुनी लाइन!
आधी फोन करून गल्लीचं पाणी बंद करायला लावलं. मग बसून रडले. पंधरापर्यंत सापडली नाही, एवढंच खरं होतं. मी सरळ "नाही" छापलं. आणि मर्यादा लागतच नव्हती! एकदा पाहिलेला सांधा पुन्हा पाहू नको, एवढं सांगितलं असतं तरी चटकन झालं असतं. एक ओळ! घाई नडली, दुसरं काय.
सर म्हणाले, "नगरपालिकेशी मी बोलतो. गल्लीत तू तोंड उघडू नकोस."
बाबांना मात्र सगळं सांगितलं.

२४ एप्रिल
साळूबाई गेल्या. त्यांचा मुलगा भिका दारात आला — "कोण म्हणलं होतं पाणी चांगलंय?" मी उठले. बाबांनी हात धरून खाली बसवलं. "मी म्हणालो. पोरीनं तपासलं नव्हतंच, मीच थाप मारली. ती लाइन मला ठाऊक होती, भिका."
मी बसून राहिले.