बोटभर आधी थांबलेली लाथ

प्रिय आश्लेषा,

चौलहून अलिबाग काही लांब नाही, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर तू विचारशील, दादा कसा आहे, आणि मी बरा आहे म्हणून मोकळी होईन. तो बरा नाही. आधी हात लुळे पडले, दिवाळीत बोलणं गेलं, आता गिळणंही जड झालंय. हो म्हणायचं असेल तर डोळे मिटतो, नाही म्हणायचं असेल तर भिंतीकडे बघतो. पावसाळ्यानंतरचं काही विचारलं की डॉक्टर औषधांबद्दल बोलायला लागतात.

देवळामागच्या हॉलमधला त्याचा तांगसूडोचा वर्ग बंद झाला. मॅट गुंडाळून पडवीत ठेवल्यात, त्यांवर मांजर व्यालंय. तुम्ही दोघं भावंडं एकाच सरांकडे तांगसूडो शिकलात, मग तू तायक्वांदोकडे वळलीस. शाळांच्या स्पर्धा तायक्वांदोच्या होतात, मुलींना पुढे जाता येतं, असं तुझं म्हणणं. तो तुझ्या वर्गाला गुणांची जत्रा म्हणायचा, तू त्याच्या वर्गाला म्युझियम. मला तेव्हा हसू यायचं. कारण लग्नानंतर त्यानेच मला सांगितलं होतं की दोन्हींचं मूळ एकच. जपान्यांची सत्ता गेल्यावर कोरियात ही लाथाबुक्क्यांची विद्या शिकवणारी घराणी उभी राहिली, त्यातली बरीचशी तायक्वांदो या नावाखाली एकत्र आली, काहींनी तांगसूडो हे जुनं नाव सोडलं नाही. पुढे तू भाऊबीजेलाही येईनाशी झालीस, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

जानेवारीत आमची राही शाळेकडून तायक्वांदोच्या स्पर्धेत उतरली. समोरच्या मुलीची कोच तूच होतीस, त्यामुळे तू पाहिलंच आहेस. राहीची प्रत्येक लाथ वेळेवर निघाली आणि समोरचीच्या छातीवरच्या गार्डपासून बोटभर आधी थांबली. लहानपणापासून बाबाने तेच शिकवलं, जोडीदाराला लागता कामा नये, ताबा दिसला पाहिजे. गार्डमधलं यंत्र लाथ लागली तरच गुण देतं, त्याला ताबा कळत नाही. फलकावर शून्य.

तिच्या खेळाच्या बाईंनी मोबाइलवर काढलेलं चित्रण तिने बाबाला दाखवलं. तो हसला गं. कितीतरी दिवसांनी हसला. राहीने फोन उलटा ठेवला आणि माझ्यापाशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, आई, बाबाचं चूक नाहीये, पण माझी लाथ एकदा तरी लागू दे ना. मला आत्याकडे शिकायचंय. मी म्हटलं, मग जा सोमवारपासून. तर म्हणाली, आत्ता नाही, नंतर. परीक्षेनंतर का, विचारलं, तर नुसतंच, नंतर गं.

परीक्षा झाली. ती कुठे गेली नाही. रोज संध्याकाळी त्याच्या खाटेसमोर त्याने शिकवलेले प्रकार करते, तो बघत असतो. मग त्याला पेज भरवते. काल भरवताना त्याला जोराचा ठसका लागला. श्वासच अडकला. मी धावले, पाठ चोळली, सावरला तो. पण त्या क्षणी राहीचा चेहरा मी पाहिला. भीती होतीच. भीतीच्या मागे आणखी काहीतरी होतं. मी पाहिलं हे तिलाही कळलं. ती वाडीत विहिरीपाशी जाऊन बसली ती अंधार पडेपर्यंत, आणि घरात आल्यावर मला म्हणाली, मी फार वाईट आहे का गं?

कशाच्या नंतर, ते मला काल कळलं.

वाईट नाहीये ती, आश्लेषा. चौदा वर्षांची आहे. बाबाला दुखवायचं नाही आणि शिकायचंही आहे, आणि दोन्ही जमेल अशी एकच वाट तिला दिसते. तो गेल्यावर ती तुझ्याकडे आली, तर जन्मभर तिला वाटेल की आपण याचीच वाट बघत होतो. ते ओझं मला तिच्यावर टाकायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तू ये. तो असताना ये, आणि त्याच्यासमोर त्याच्याकडे तिला माग. तो भिंतीकडे बघेल कदाचित. बघू दे. तरीही तिला घेऊन जा.

तुझीच वहिनी,
सुचित्रा