लग्नाच्या कॅसेटमधली नदी

४ डिसेंबर, बुध.
ताईला घेऊन सावंगीला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्वभावाने गोड, पण बातमी कडूच. नजरेचा मधला भाग चाललाय, कडेचं थोडं राहील. ‘जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या.’

येताना बसमध्ये विचारलं, काय पाहायचंय? वाटलं, काशी म्हणेल. म्हणाली, ‘मले माह्यं नाचणं पाह्याचं हाय.’

लग्नाआधी ताई मुंबईला दूरदर्शनच्या एका नृत्यनाट्यात नाचली होती. ते टीव्हीवर लागलं तेव्हा अर्धं नाचणगाव आमच्या ओसरीत बसलं होतं. ताई त्यात नदी झाली होती. सगळ्यांनी पाहिलं, मी तर तोंड उघडं टाकून. ती एकटी तेव्हा मुंबईहून परतीच्या गाडीत. पुढे लग्न झालं, घुंगरं माळ्यावर गेली. स्वतःला नाचताना तिने कधी पाहिलंच नाही, आणि एवढ्या वर्षांत मला हे सुचलंही नाही.

९ डिसें., सोम.
मुंबईला दूरदर्शन केंद्रात फोन. बाई अदबीने बोलल्या. शोधलं, त्या नावाची टेप नाही.

संध्याकाळी पुलगावात वामनराव. पूर्वी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे.
‘टीव्हीवरून म्याच उतरवलं होतं ते. लय कामी पडलं.’
कशाच्या?
‘मिक्सिंगच्या. समोर नवरा-नवरी, मांगं नदी नाचून राह्यली. लोकायले लय आवडे.’
मूळ कॅसेट?
‘तिच्यावर मंग साळ्याचं लग्न घेतलं न.’

आधी हसले, मग रडूच आलं. म्हणजे ताई आहे. लोकांच्या लग्नांत पांगलेली आहे.

१५ डिसें., रवि.
वामनरावांनी ज्यांची लग्नं काढली त्यांच्या घरी, कॅसेटी बघायला. आज देवळी, पुलगाव. लोक आधी संशयाने बघतात, मग चहा, मग अख्खं लग्न दाखवतात. मला हवी नदी, ते दाखवतात फुगून बसलेले व्याही. पण हार घालायची वेळ आली की पडदा निळा होतो. नवरीच्या पदरातून ताईचा हात निघतो. नवरदेवाचा फेटा पाण्यावर तरंगतो. आणि मग एकदम जेवणाची पंगत, बुंदी.

परतताना बसमध्ये डुलकी. बाहेर कापूस फुटलेला. सगळ्या शेतांतून लग्नं चाललीत आणि ताई त्यांच्या मधून वाहत जातेय, कोणाचेच पाय भिजत नाहीत… आमचा थांबा गेला. पुढच्या थांब्यावरून पायी परत. राग आला नाही, हे विशेष.

मोबाइलवर घेतलेलं ताईला दाखवलं. मान तिरपी करून बघत होती.
‘हात माह्येच हायेत. तोंड काऊन नाई?’
खरंच नाही. तोंडाच्या जागी दर वेळी नवरी. वामनरावांना विचारलं, तर म्हणे, ‘नवरीचं तोंड झाकलं असतं तं तिच्या मायनं मले सोडलं असतं काय?’

२२ डिसें., रवि.
वामनरावांना आठवलं. आर्वीचं एक लग्न, बिदाईवर नदीचा पूर्ण शेवट टाकलेला. ‘पोरीनं तोंड पदरातून काढलंच नाई. मंग म्या नदीले मोकळं सोडलं.’

त्या पोरीला, म्हणजे सुनंदाबाईंना फोन.
‘कॅसेट हाय. पण ते लग्न मोडून आली मी. नाई पाहत मी ते.’
ठेवला.

मी तणतणले. पाहू नका, आम्हाला तर द्या! ताई म्हणाली, ‘तिले काऊन तरास देतं? तिचं लगन हाय ते.’ हिचे डोळे चाललेत आणि ही मला शहाणपण शिकवते.

३ जाने., शुक्र.
सुनंदाबाईंचा स्वतःहून फोन, या म्हणून. सकाळच्या एसटीने आर्वी. वामनरावांचा व्हीसीआर पूर्ण वाट मांडीवर.

ताईला त्यांनी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं. स्वतः पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मंडप, सनई, मग निळं. ताई मान इकडे करते, तिकडे करते.
‘दिसते काय वो?’ मागून.
‘नाई. मधात नुसता डाग हाय.’

सांगायचं काम माझं होतं. मी नुसताच टीव्हीचा आवाज वाढवला.

सुनंदाबाई वळल्या. शेंगा बाजूला सारल्या. मग हळू, ‘पाण्यासारखी साडी हाय तुमची. हात वर नेले. गिरकी घेतली. आता तुम्ही… हासून राह्यल्या.’
‘मी? नाच बसवणारे सर तं म्हणत, नदीनं हासू नाई.’
‘हासून राह्यल्या न.’

मग ताईनेच विचारलं, ‘अन् नवरी? नवरी कशी दिसते?’
नवरीचा पदर तेवढ्यात सरकला होता.
‘लहान हाय वो,’ सुनंदाबाई म्हणाल्या. ‘लय लहान हाय.’

तिथेच टेप अडकली. फोन केला, वामनराव उद्या येतात म्हणाले. निघते का बघू. सुनंदाबाईंनी आम्हाला ठेवून घेतलं.

ताई सारखी विचारते, खरंच हासत होती का मी? हो म्हणते मी. मी पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष त्या नवरीकडे होतं.