कोरणाऱ्याचं नाव

प्रिय भिवा,

हातभर कागदावरची एक नदी केवढ्याला पडते, सांगू? चेरीच्या लाकडाचे नऊ ठोकळे, चित्रकाराचे दोन दिवस, कोरणाऱ्याचा महिना आणि छापणाऱ्याचा खांदा. ठाण्याला एका कॉलेजात लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली जपानी चित्रं लावलीयत. त्यातलं एक नदीकाठच्या बर्फाचं. जवळ जाऊन पाहिलं, तर बर्फाला रंगच नाही, कोरा कागद. तू म्हणायचास ना, "पांढरं छापायचं नसतं शेठ, सोडायचं असतं." तेच. पाण्यात लाकडाच्या रेषा तशाच उमटू दिल्यात. नऊ वेळा दाबलेला कागद, पण एकही रंग केसभर सरकलेला नाही. मी छपाईतला माणूस, पाय हलेना.

बाजूच्या भिंतीवर आपली दुर्गाडीची खाडी. तू पाच ठोकळ्यांत कोरलेली, प्रेसच्या कॅलेंडरची. मीच दिलेली त्यांना. खाली पाटी: तानाजी म्हसकर, कल्याण.

माझे कान तिखट. मशीनच्या आवाजावरून शाई संपत आली हे केबिनमधून सांगायचो, आठवतं? मागे दोन मुली हळू बोलत होत्या. जपान्यांनी कोरणाऱ्याचा शिक्का कडेला ठेवलाय, मग खाडी कोणी कोरली? प्रदर्शन मांडणाऱ्या प्राचीने मलाच विचारलं, "काका, हे तुमचं कोरीवकाम?" मी हसलो. नाही म्हणालो नाही. शिवाय चहा पिताना नेहमीचं भाषण ठोकलं, की आमच्या प्रेसमध्ये कधी कुणाला आडनाव विचारलं नाही, फक्त हातातलं काम बघितलं. पोरींना फार आवडलं.

बावीस वर्षं तुला 'माझा भिवा' म्हणून मिरवलं. तुझा हात थरथरायला लागला तेव्हा दिलेली रजा कधी संपलीच नाही, आणि मी टिटवाळ्याला तुझ्या घरी एकदाही फिरकलो नाही. तुझा फोन नंबरसुद्धा नाही माझ्याकडे, म्हणून हे पत्र.

प्रदर्शनाचं पुस्तक निघतंय. काल प्राचीला फोन करून सांगितलं, कोरलं भिवाने, मी नुसतं छापलं. ती म्हणाली, "भिवा पुढे काय?" मला सांगता येईना. शुक्रवारी पुस्तक छपाईला जातंय, त्याआधी पूर्ण नाव लिहून पाठव. रागाने पाठव, पण पाठव. रात्री जुने हजेरीपट काढून बसलो. सगळ्यांची आडनावं आहेत, माझ्याच अक्षरात, झाडणाऱ्या शकूचंसुद्धा. तुझ्या ओळीत बावीस वर्षं नुसतं 'भिवा'.

तुझाच म्हणायला आज जीभ अडखळते,
तानाजी