ए मेजर की एफ मायनर

१२ ऑक्टोबर, रविवार

सर नाहीच म्हणाले! एफ मायनर मला नाही. ए मेजर वाजव – विषय संपला.

जानेवारीत माझा पहिला सोलो. इतकी वर्षं वाद्यवृंदात दुसरी क्लॅरिनेट वाजवली, व्हायोलिनवाल्यांच्या पाठी बघत. आता पहिल्यांदा एक अख्खा कॉन्चेर्टो माझा – पुढे मी, साथीला सगळा वाद्यवृंद. मग निवडायचा कुणी? एफ मायनरमधला केव्हापासून मनात आहे. त्यात तडफ आहे, वरचे सूर आहेत, लोक खुर्चीत सरसावून बसतात. ए मेजर म्हणजे गोडगोड, जगातलं प्रत्येक शिकाऊ पोर वाजवतं. हे गोवंडे सरांना म्हटलं, तर म्हणाले, "टाळ्याच हव्या असतील तर गणपतीत वाजव."

आणि सरांच्या दुसऱ्या शिष्याला, शुभंकरला, काय दिलंय? त्याचं तो बघेल, म्हणे. म्हणजे एफ मायनर त्यालाच! तो सरांच्याच सदाशिव पेठेतला, घरच्यासारखा. त्याला चहा मिळतो. मलाही मिळतो, खरं तर. पण त्याला न विचारता मिळतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

क्लास. ए मेजरचा मधला संथ भाग घेतला. लांब ओळ एका श्वासात पुरत नाही, मधेच फाटते. सर – "घाई कसली आहे? वारज्याची शेवटची बस सुटतेय का?"

आणखी एक. हा कॉन्चेर्टो मुळात 'ए'च्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेला. ती जरा लांब, अर्धा सूर खाली, आवाज मऊ. माझी बी-फ्लॅटची. 'ए'ची पुण्यात मी कुणाकडे पाहिलेली नाही, आणि विकत घ्यायची माझी ऐपत नाही. मग जे वाद्य माझ्याकडे नाही, त्याचंच संगीत माझ्या गळ्यात का? सर म्हणाले, आहे त्यावर बसव, साथीची कल्याणी पियानो अर्धा सूर चढवून घेईल.

पियानो? वाद्यवृंदाबरोबर ठरलं होतं ना!

१७ ऑक्टोबर

कचेरीत फायलींत लक्ष नाही. पियानो का?

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी संपली, सरळ विचारलं. कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये नाही. वारज्यातल्या एका शाळेच्या सभागृहात, फक्त पियानोबरोबर. का? "तुमच्या बाजूला बरं पडेल."

तुमच्या! पहिल्या दिवसापासून मला 'तू' म्हणतात. मग हे 'तुमच्या' कोणाचं? समस्त वारजेकरांचं? की – लिहू नये, पण लिहितेच – आम्हा लोकांचं?

आईला सांगितलं. ती म्हणाली, वारज्यात तू राहतेस, मी राहते, दोघी मिळून 'तुमच्या'च झालो की. किती कीस काढशील? असेल. पण शाळेत ज्या बाईंनी मला भर वर्गात उभं करून आडनाव पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनाही आई 'स्वभावाने चांगल्या होत्या गं' म्हणते. तिचं प्रशस्तिपत्र कुणालाही मिळतं.

२ नोव्हेंबर, रविवार

वाद्यवृंदाची तालीम. सर आजही नाहीत. कमिटीवर आहेत, दर रविवारी मागे डोळे मिटून बसायचे आणि कोण बेसूर झालं ते चहाच्या वेळी नावानिशी सांगायचे. सप्टेंबरपासून फिरकले नाहीत. गुडघा दुखतो, म्हणे. परवा लिफ्ट बंद होती तर चारही मजले माझ्यापुढे चढले. गुडघा!

६ नोव्हेंबर, गुरुवार

"तुझं माउथपीस ठेवून जा दोन दिवस." कशाला? "काम आहे."

माउथपीस म्हणजे दात घासायचा ब्रश. दुसऱ्याला देतं का कुणी? पण सरांना नाही कसं म्हणायचं! शुभंकर तिथेच होता, मोबाइलमध्ये तोंड घालून.

८ नोव्हेंबर

परत मिळालं. स्वच्छ धुतलेलं. म्हणजे कुणीतरी वाजवलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहितेच.

सरांचं दार उघडंच असतं. आत फोनवर बोलत होते, चिडून. "अहो, काळी आहे माझ्याकडे. काळी नाही चालणार. शोभतच नाही ती तिथे." मला पाहिलं. मग 'नंतर बोलतो' म्हणून ठेवून दिला.

विचारलं नाही. वाद्य जोडलं, वाजवलं. काय वाजवलं, मलाच ठाऊक नाही. सर म्हणाले, आज लक्ष नाही तुझं. लक्ष!

मी काळी आहे. सावळी, निमगोरी वगैरे काही नाही – काळी. त्यावरचे सगळे शब्द ऐकून झालेत, बघायला आलेल्यांचे, त्यांच्या आत्यांचे. कधी अंगाला लावून घेतलं नाही. पण सरांकडून ऐकलं नव्हतं. तिथे मी नुसती क्लॅरिनेट होते. पुलावर स्कूटर थांबवली आणि रडले. म्हणून मोठा हॉल नाही, म्हणून वाद्यवृंद नाही. सगळं जुळलं.

१४ नोव्हेंबर

सरांना मेसेज केला – मी एफ मायनरच वाजवणार, माझं मी बसवीन, क्लासला येणार नाही.

उत्तर – "बरं."

एवढंच!

२० नोव्हेंबर

एफ मायनरचं पहिलं पान बसलं. वरचे सूर किंचाळतात. राग आहे तोवर झकास वाजतं, मग राग दमतो आणि पुढची पानं तशीच उरतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, कोणाशी भांडतेयस?

नंतर बोटं आपोआप ए मेजरच्या संथ भागाकडे गेली. ती ओळ एका श्वासात पुरली! ऐकायला कुणी नाही. चिडून वाद्य पुसून ठेवलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी शुभंकर दारात. हातात वाद्याची लांबट केस.

म्हणाला, "सरांनी पाठवलीये. ताई, पुणं पालथं घातलं गं त्यांनी. ज्याच्या त्याच्याकडे काळी पाच, पांढरी सहा कोणाकडेच नाही. मुंबईचा एकजण 'माझ्याकडे आहे' म्हणाला, म्हणून तुझं माउथपीस लावून बघायला मी गेलो, तर तीही काळी पाच निघाली. सर त्याला फोनवर काय झापत होते! शेवटी मिरजेला मंदाकिनीबाई म्हणून आहेत, त्यांच्या मिस्टरांची मिळाली."

काळी पाच. पेटीवरची पाचवी काळी पट्टी – बी-फ्लॅट. पांढरी सहा – ए. सर जुने, वाद्यं विकणाऱ्यांशी याच भाषेत बोलतात.

बरं, मला हे माहीत नव्हतं असंही नाही. आई विहारात गाते, दर वेळी पेटीवाल्याला 'काळी चार द्या' म्हणते. जन्मापासून ऐकतेय. पण सरांच्या तोंडून 'काळी' ऐकलं आणि मला पेटी आठवली नाही, मी आठवले.

शुभंकरला विचारलं, एफ मायनर कुठवर आला तुझा? म्हणाला, माझा? त्याची जानेवारीत सीएची परीक्षा आहे. यंदा तो वाजवतच नाहीये.

तो गेल्यावर केस उघडली. माझं माउथपीस लावलं. खालचा सूर धरला, आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली आणि उभीच राहिली. पोळी करपली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सरांकडे गेले. का सोडून गेले ते सगळं सांगून टाकलं, फोनसकट. वाटलं, हसतील. आता आपल्यावर एक पुणेरी टोमणा.

हसले नाहीत. कप खाली ठेवला. म्हणाले, "तो शब्द कमिटीत खरंच निघाला होता. तुझ्याबद्दल. सप्टेंबरात. मी उठून आलो, तो परत गेलो नाही. म्हणून शाळेचं सभागृह, म्हणून पियानो."

कोण म्हणालं? सांगत नाहीत. आपल्याच वाद्यवृंदातलं, एवढंच.

उद्या तालीम. एकेकाच्या तोंडाकडे बघत वाजवणार मी.