अपक्ष संघाचा हंगाम

१८ नोव्हेंबर २०२४
पनवेलकडच्या कॉलेजनंही नाही म्हटलं! नुसता सराव सामना मागितला होता. त्यांचे सर आमच्या कोच हर्षद सरांना म्हणाले, "जिल्हा संघटनेनं बाहेर काढलेल्या टीमशी खेळलो तर आमच्यावर येईल." वर्षभराची बंदी आहे. आमच्या कबड्डी संघाला आख्ख्या जिल्ह्यात कुणी वाली नाही.

आणि हे सगळं पोशामुळे. लिहूनच ठेवतो. गेल्या हंगामातली सेमीफायनल. बरोबरी. शेवटची चढाई त्यांची. त्यांचा गडी रिकाम्या हातानं परत गेला, पंचानं काहीच दिलं नाही. आणि आमचा डावा कोपरा, हा पोशा, हात वर करून "मला लागला" म्हणत मैदानाबाहेर! एका गुणानं हरलो.

हो, पंचांचं टेबल मी उलटवलं. कप्तान आहे, डोकं फिरलं. पण आधी हात कुणी वर केला?

२५ नोव्हेंबर
शेवटी विचारलंच त्याला. शेंगा फोडत म्हणतो कसा, "आमच्या वाडीवर पंच नसतो रं. ज्याला लागला त्यानं हात वर करायचा." बस्स! एवढंच! काढूनच टाकला असता संघातून. पण त्याच्यासारखा कोपरा दुसरा नाही. एकदा घोटा धरला की सुटत नाही.

८ डिसेंबर
आता गावोगावच्या जत्रांतल्या स्पर्धा खेळायच्या. जिथे घेतील तिथे. आज खालापूरच्या बाजूला गेलो. फॉर्मवर संघटनेचा रकाना रिकामा. माईकवाल्यानं तो पाहिला आणि ओरडला, "पुढचा संघ— अपक्ष!" गर्दीतून कुणीतरी, "निशाणी काय रं, कपबशी?" सगळं मैदान हसलं. हर्षद सरसुद्धा. पहिल्याच फेरीत घरी.

९ डिसेंबर
कॉलेजात फळ्यावर कुणीतरी कपबशी काढलीय. हरामखोर.

२९ डिसेंबर
आमचा सगळ्यात चांगला चढाईवाला रूपेश आज आमच्याच विरुद्ध खेळला. त्याच्या गावच्या मंडळाकडून. "गाव सोडून तुमच्याकडून खेळलो तर घरात घेतील का रं मला?" वर हसतोय! कॉलेजचा टी-शर्ट मात्र फुकट घेतला होता.

पोशानं त्याला तीनदा पाडला. जिंकलो. मी पोशाची पाठ थोपटली नाही.

१९ जानेवारी २०२५
खोपोलीची फायनल जिंकली!! अपक्षांनी!

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं पुढे. मी आणि पोशा हात धरून साखळीत. त्यांचा गडी आत घुसला, पाय टाकला, पळाला. त्याचा अंगठा माझ्या घोट्याला लागला. पुसटसा. त्याला स्वतःलाही कळलं नाही. पंच दुसरीकडे बघत होता.

हात वर केला नाही मी. का करू? हंगामभर लोकांचं हसणं ऐकून घेतलंय.

पोशानं माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझा हात सोडला.

पोरांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं. पोशा कोपऱ्यात बसून बुटांतली माती झाडत होता.

२० जानेवारी
एस्टी स्टँडवर भेटला. "लागला व्हता ना रं तुला?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाला आणि गाडीत चढला. कुणाला सांगणार नाही तो. त्याचाच जास्त राग येतो.

२३ जानेवारी
चषक हर्षद सरांच्या कपाटावर. मी त्या खोलीत जायचं टाळतो.

३ फेब्रुवारी
संघटनेचं पत्र आलं. बंदी उठली! सरांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. ज्यांचं टेबल मी उलटवलं त्याच पंचांनी शब्द टाकला होता. 'आपणहून हात वर करणारा खेळाडू ज्या संघात आहे, तो संघ बाहेर राहू नये.' अट एकच. प्रामाणिक खेळाची लेखी हमी. सही कप्तानाची.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खिसे चाचपले. पोशानं त्याचं पेन पुढे केलं.

सही केली.