पाठमोरी

सोनगीर

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

धुळ्याचा कार्यक्रम होऊन बरेच दिवस झाले, आणि मी आज लिहायला बसलो. उशिराबद्दल रागावू नको. हे पत्र पोस्टात टाकायचा धीर होईल की नाही, तेही सांगवत नाही.

तुझ्या शाळेच्या मुलींचं समूहगान ऐकायला मी तुला न कळवता आलो होतो. सोबत शेजारचा चुडामण होता. तू मुलींसमोर उभी, आमच्याकडे पाठ. तो म्हणाला, "नाना, तुनी पोर तं गास नही, नुसता हात हलावस!"

मी म्हटलं, "गप रे, बठ्ठा पोरीसले तीच गवाडस." त्याला काय ठाऊक, त्या सगळ्या मुली तुझ्याच हातावर गात होत्या!

पण मला घोर लागला. पूर्वी मुलींना सूर द्यायला तू स्वतः सा लावायचीस. या वेळी नुसती पेटीची पट्टी दाबलीस. शेवटी नमस्काराला वळलीस तेव्हा ओढणी सरकली, आणि गळ्यावर टाक्यांची खूण दिसली. तू ती घाईने झाकलीस. म्हणून मी न भेटताच निघालो.

इतके महिने तू फोन न उचलता नुसते मेसेज का करतेस, ते तेव्हा कळलं. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. ती अजून शेजारणींना मोबाइलवर तुझा यमन ऐकवते.

डॉक्टर काय म्हणाले? आवाज परत यायचा नसेल तर तसंच कळव. लिहवत नसेल तर नुसता फोन लाव आणि धरून ठेव. मी इकडून बोलत राहीन. पण लवकर लाव, बेटा.

तुझा,
नाना