तांब्याचा वायसर

तीर्थरूप मामा,

जिवंतपणी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. खांदा कॉलनीपासून उलव्याच्या अलीकडचं तुमचं गाव मोटारसायकलवर पाऊण तास, पत्र कशाला लिहायचं? फोनवरचं आपलं बोलणंही ठरलेलं. गाडी कशी हाय, बरी आहे, की फोन तुमच्या लेकीच्या, सुलभाच्या हातात. आज जे कळलं ते फोनवर बोलायला तुम्ही नाही आहात, म्हणून लिहितोय. हात तीनदा धुतले तरी ऑइलचा वास जात नाही. कागदाला डाग पडला तर सांभाळून घ्या.

आज सकाळी बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये मी स्वतः गाडीचं ऑइल बदलायला बसलो. एक्केचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा! तुम्ही गेल्यापासून सहा महिने गाडीकडे बघितलंच नव्हतं. परवा इंजिन कोरडं वाजायला लागलं तेव्हा सुलभा म्हणाली, बाबा असते तर तुला गाडीवर बसू दिलं नसतं. ते मनाला लागलं आणि मी पाना विकत आणला.

लग्नानंतर आमच्या साताऱ्याकडच्या रीतीनं मी तुम्हाला मामा म्हणू लागलो आणि तुम्ही मला जावईबापू. त्या 'बापू'नंच घोळ केला बघा. दर पंधराशे किलोमीटरला तुमचा निरोप यायचा, रविवारी गाडी घेऊन या. मी पोचलो की अंगणात सावलीला खुर्ची तयार. मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत, आणि साठी उलटलेले तुम्ही ऑइल झेलायला कापलेला डबा घेऊन माझ्या गाडीखाली आडवे. समोरच्या ओटीवरची माणसं बघत बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी उठून पाना घ्यायला गेलो, तर तुम्ही हात मागे घेतलात. जावयाच्या हाताला काळं लागलं तर गाव काय बोलेल, म्हणालात. गाव काय बोलेल याची काळजी तुम्हाला, आणि तेच गाव मला बसल्याजागी काय म्हणत असेल याची मला. दोघंही एकाच गावाला भीत होतो, पण एकमेकांना सांगितलं नाही.

आपला वादही आठवतो. मी कंपनीचं पुस्तक घेऊन आलो होतो. त्यात तीन हजार लिहिलं होतं. दुपटीनं चालणारं ऑइल पंधराशेला ओतून टाकणं म्हणजे निव्वळ नासाडी, असं मी मोठ्या शहाणपणानं सुनावलं. तुम्ही रागावला नाहीत. पाच वर्षं विमानतळाच्या भरावावर डंपर चालवलेला माणूस तुम्ही, पुस्तक उलटसुलट करून बघितलंत आणि म्हणालात, "पुस्तक लिवनाऱ्यानं आपली धूल खाल्ली हाय का? डंपरच्या मागं पयल्या गेरात अर्दा तास ऱ्हाता. मीटर हालत नाय, पन इंजिन तं चालतंय ना?"

काटा किती फिरला यावर मी भांडत होतो आणि तुम्ही इंजिनानं किती सोसलं ते मोजत होतात. ऑइल काळं झालं म्हणून वाईट नसतं, बोटात खरखरलं की वाईट, हेही तुम्हीच शिकवलंत. चिमटीत चोळून दाखवायचात. मी खुर्चीतूनच मान डोलवायचो.

आता कबुली देतो. ती तुम्हाला द्यायची होती, पण उशीर झाला.

दीड वर्षापूर्वी मी तुमच्याशी खोटं बोललो. म्हणालो, मामा, हे नव्या प्रकारचं सिंथेटिक ऑइल आणलंय, या वेळी हेच टाका, मग वर्षभर बघायला नको. त्या खुर्चीतून सुटायचं होतं हे खरं. पण तेवढंच नाही. रविवारची सकाळ त्या धुळीतून जायची आणि दुपारपर्यंत अडकून पडायचं, याचाही कंटाळा आला होता. मामींच्या हातचं चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाताना मात्र कधी कंटाळलो नाही! तुम्ही विचारलंत, "वर्सभर?" मी हो म्हटलं. पुन्हा विचारलंत, "पुरा वर्सभर?" मी पुन्हा हो म्हटलं. मग तुम्ही ते ऑइल ओतलंत आणि पाना पुसून गोणपाटात गुंडाळून ठेवलात. त्याच वेळी मला थोडं कसंसं झालं होतं. पण थोडंच.

ते ऑइल वर्षभर चालणारं वगैरे काही नव्हतं. नवीन पनवेलला एका गॅरेजात जायला लागलो, काचेआड बसून मोबाईल बघायचो, की गाडी तयार. तुमच्याकडचं येणं होळी आणि गणपतीपुरतं उरलं. सुलभा एकटी बसनं जायची. तुम्ही विचारायचात, जावईबापू नाय आले? ती सांगायची, काम आहे. तिलाही मी खोटं बोलायला लावलं.

तर आज सकाळी. खालचा नट निघेना. जोर लावून लावून घाम फुटला. सुलभा चहा घेऊन खाली आली, बघितलं आणि म्हणाली, "उलटा फिरवतोयस." गाडीखाली झोपलं की उजवं-डावं फिरतं, हे मला कुठून कळणार? तिला लहानपणापासून माहीत. तिनंच पाना घेतला आणि एका झटक्यात नट सैल केला. मला तिचा हेवा वाटला. मुलगी म्हणून तिला तुमच्या शेजारी उकिडवं बसता आलं होतं.

ऑइल डब्यात पडत होतं. नटावरचा वायसर अॅल्युमिनियमचा होता, चेपून पार पातळ झालेला. मी सहज बोलून गेलो की मामांचा तांब्याचा टिकला असता. तुम्ही उरण नाक्याच्या दुकानातून डझनानं आणून ठेवायचात आणि दर वेळी नवा घालायचात. पुढे म्हणालो, बरं झालं, मी गॅरेजात जात होतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सुलभानं हातातला पाना खाली ठेवला. मी वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "कळलं होतं."

मामा, गेल्या गणपतीला तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी आरतीचं तबक लावत होतो. तुम्ही खाली गाडीजवळ थांबला होतात म्हणे. वाकून नट बघितलात. तांब्याच्या जागी पांढरा वायसर दिसला आणि सगळं समजलं. वर आलात, हातपाय धुतलेत, आरती केलीत. मग जेवताना मला विचारलंत, गाडी कशी हाय? आणि मी, मूर्खासारखा, मोदक वाढता वाढता म्हणालो, मस्त, अजून तुमच्या हाताला चटावलीय, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

सगळं माहीत असताना तुम्ही हसलात. आणखी एक मोदक मागून घेतलात. कसं जमलं तुम्हाला? मला तोंडावर पाडायला हवं होतंत, मामा. दोन शब्द सुनावले असतेत तर मी तिथंच पाय धरले असते. म्हटलं असतं, मला तुमच्या हातचं ऑइल नको झालं नव्हतं, ती खुर्ची नको होती. मला खाली बसू द्या, नट मी खोलतो, चुकलो तर शिव्या घाला. इतकं सोपं वाक्य होतं. वर्षभरात मला ते सुचलं नाही, आणि तुम्ही पुढे थांबला नाहीत. छातीत दुखायला लागल्यापासून तीन दिवसांत गेलात. त्या तीन दिवसांतही मी डॉक्टर आणि औषधं याशिवाय तुमच्याशी काही बोललो नाही.

निघताना लिफ्टपाशी तुम्ही सुलभाला जे सांगितलंत ते तिनं आज मला सांगितलं, तुमच्याच शब्दांत. "त्यानं भायेर ऑइल बदललंय. बोलू नको त्याला. लाजंल तो."

'तो' म्हणालात. माझ्या तोंडावर कायम जावईबापू, कायम तुमी, आणि माझ्यामागे घरच्या पोराला म्हणावं तसं 'तो'. मी पार्किंगच्या फरशीवर बसून रडलो. शेजारच्या काकांना वाटलं, गाडी बिघडली.

येत्या रविवारी गावी येतोय. तुमची गाडी शेडमध्ये उभी आहे, तिचं ऑइल मी बदलीन, आणि यापुढे दर पंधराशेला माझ्याही गाडीचं तिथंच, तुमच्या अंगणात, ओटीवरच्या सगळ्यांसमोर. पण त्याआधी मामींना समोर बसवून सगळं खरं सांगेन. त्यांना ठाऊक असणारच. तुम्ही त्यांनाही बजावलं असेल, बोलू नको, लाजंल. तरी सांगेन. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी लाज राखलीत, मामा. आता मला थोडं लाजू द्या.

तुमचा,
'तो',
नितीन